अरुणकाकांच्या ओकवरची नागअळी

२७ ऑगस्ट २००५, शनिवार

वही सुरू केली, कारण रुचाबद्दल बोलायला घरात माणूस नाही. मराठीत लिहितोय म्हणजे सुरक्षित. आईला माझं अक्षर लागत नाही, आणि बाबा माझ्याशी बोलतच नाहीत तर वही कशाला वाचतील.

बाबांचं कारण उघड आहे. एप्रिलमध्ये लॅबच्या असिस्टंटने सगळ्या वर्गासमोर म्हटलं की माझा रिपोर्ट कॉपी केलेला आहे. केलेला नव्हता. मी तो त्याच्यासमोर फाडला, टेबल ढकललं, टेबलावरचा मॉनिटर खाली गेला. त्याच दुपारी सामान गाडीत टाकून अर्बानाच्या कॉलेजातून थेट शॉमबर्गला, घरी. इंजिनिअरिंग संपलं. रुचा तिथेच राहिली, हे मात्र मी निघताना लक्षात घेतलं नव्हतं.

आज ती वीकेंडला घरी आली होती. तिचं घर आमच्या मागच्याच रस्त्यावर. त्यांच्या मागच्या अंगणात भला मोठा ओक आहे, त्याच्या फांद्या कुंपणावरून पायवाटेवर येतात. मी पायवाटेवर उभा होतो. वर तिची खिडकी. पंधराएक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात अरुणकाका, म्हणजे रुचाचे वडील, पाण्याचा पाइप घेऊन बाहेर.

"काय रे शंतनू, काय बघतोयस?"

"पानं, काका."

"पानं?"

आता काहीतरी करून दाखवणं भाग होतं. हाताला आलं ते पान तोडलं. त्याच्यावर खरोखरच एक पांढुरका डाग होता, पापडावर फोड यावा तसा. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "हे बरोबर दिसत नाही."

काकांनी पाइप टाकला. त्यांचं लॉन आणि त्यांचा ओक म्हणजे त्यांचा जीव. "रोग आहे की काय? तू शोधून काढ बाबा. केव्हाही ये, अंगणात ये, शिडी लागली तर गराजमध्ये आहे."

केव्हाही ये. खुद्द तिच्या बापाने सांगितलं.

४ सप्टेंबर, रविवार

रुचा लाँग वीकेंडला आलीच नाही. प्रोजेक्ट आहे म्हणे. मी दोन दिवस काकांच्या अंगणात शिडीवर.

कंटाळून एक डाग नखाने सोलला. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली पोकळी होती आणि पोकळीत एक चपटी, पिवळसर अळी. ती मागे सरकली. पान कागदाएवढं जाड, आणि त्याच्या आत खोली करून कुणीतरी राहतंय. मी बराच वेळ बघत बसलो. रुचाची आठवण आली नाही असं नाही, पण नंतर आली.

रात्री जेवताना पान ताटाशेजारी ठेवलं होतं. बाबांनी ते उचललं, दिव्यासमोर धरलं.

"नागअळी," ते म्हणाले.

मी आणि आई एकमेकांकडे बघतच राहिलो. एप्रिलपासूनचा हा मला उद्देशून पहिला शब्द.

"काटोलला संत्र्यावर यायची. ही वाकडीतिकडी रेघ ओढत जाते पानातून, नागासारखी. हिची मात्र रेघ नाही, गोल खोली दिसते." मग पान खाली ठेवून, "आम्ही फवारे मारमारून थकलो आणि तू तिला ताटाशेजारी घेऊन बसलास. काऊन रे?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

ते हसले नाहीत, पण दुसरी पोळी मागून घेतली.

१७ सप्टेंबर, शनिवार

फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव रानाच्या, निसर्ग केंद्रात मिस हॅनिगन नावाच्या बाई बसतात. सत्तरीच्या, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. त्यांनी माझी पानं एकेक करून पाहिली. मग कपाटातून जाड पुस्तक काढलं, मग दुसरं.

ही अळी मोठी झाली की तिचा पतंग होतो, जिऱ्याएवढा. ओकच्या पानात राहणारे असे बरेच पतंग आहेत आणि प्रत्येकाची पोखरायची रीत निराळी. या अळीने डागाच्या मध्यभागी रेशीम विणून गोल कोठडी केली आहे, तशी करणारा एक पतंग दक्षिणेकडे सापडतो. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्याची नोंद नाही. कुणाचीच नाही.

"मग मी केली," मी म्हटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा डाग आहे. डाग म्हणजे पतंग नव्हे. मला पतंग आणून दाखव."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे मी खोटं बोलतोय?" टेबलावर हातही आपटला असावा, कारण त्यांचा कप हलला.

त्यांनी कप सरळ केला. "मी तुझ्याबद्दल बोललेच नाही. मी पानाबद्दल बोलले."

याच्यावर काय भांडणार? मी बसलो. त्यांनी रीत सांगितली. पानं गळतात तेव्हा अळी आतच असते. सगळी थंडी ती पडलेल्या पानात काढते, वसंतात कोष करते, मेमध्ये बाहेर येते. पानं नायलॉनच्या स्टॉकिंगमध्ये भरून बाहेर टांगायची. घरात आणायची नाहीत, वाळू द्यायची नाहीत. आणि पतंग आला तर उन्हाळ्यात काउंटीभरच्या ओकचं सर्वेक्षण आहे, त्यात मला घेतील. पगारासकट.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक. मेअखेर मुदत. पतंग निघाला तर तुझं खरं. नाही निघाला तर फॉलमध्ये कॉलेज, आणि त्या असिस्टंटला सॉरीचं पत्र."

त्याला सॉरी? मी मरेन पण पत्र लिहिणार नाही. पतंग निघालाच पाहिजे.

१ ऑक्टोबर, शनिवार

स्टॉकिंग्ज आणायला गेलो. लेडीज सेक्शनमध्ये मापं बघत होतो आणि मागून आवाज, "शंतनू?" शैलजाकाकू, रुचाची आई. माझ्या दोन्ही हातांत एकेक पाकीट.

"पानं भरायला आहेत, काकू."

"हो का," काकू म्हणाल्या. मी घरी पोचायच्या आत त्यांचा आईला फोन येऊन गेला होता.

रुचाची ईमेल आली, लांबलचक. तिला पतंगांचं फार इंटरेस्टिंग वाटलं. ईशानलाही वाटलं. ईशान म्हणजे तिच्या वर्गातला कुणी अल्फारेटा गावचा मुलगा, त्याच्याकडे गाडी आहे. ग्रोसरीला ईशान, एअरपोर्टला ईशान. बिचारीला राइडसाठी त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. मी तिथे असतो तर ही वेळ आली नसती.

१६ ऑक्टोबर, रविवार

भांडलो. अरुणकाकांशीच.

पानं गळायला लागली आहेत. मी झाडाखाली गुडघ्यावर बसून डागवाली पानं वेचत होतो तर काका लीफ ब्लोअर घेऊन आले. पाठीवर ती मशीन, कानांवर ती टोपणं, जणू विमान उडवायला निघालेत. माझ्या डोळ्यांसमोर सगळा ढीग फूऽऽ करून ड्राइव्हवेवर, तिथून कागदी पिशव्यांत. मी ओरडलो, त्यांना ऐकू येईना. मी जाऊन मशीनचं बटण बंद केलं.

"अरे, हे काय?"

"काका, त्या पानांत जीव आहे. तुम्हाला गवत सोडून काही कळतं का?"

काकांनी कानांवरची टोपणं काढली. "पुन्हा बोल."

मी पुन्हा बोललो. जास्त बोललो. आठ हजार मैलांवरून इथे येऊन माणूस शेवटी गवताला इस्त्री करतो, असंही काहीतरी.

"माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही," काका म्हणाले.

नको तर नको. माझ्या स्टॉकिंग्ज भरल्यात. दोन्ही आमच्या मागच्या दारच्या लाकडी डेकच्या कठड्याला टांगल्या आहेत. मला त्यांचं काही अडलेलं नाही. रुचाचं काय, ते बघू.

२९ ऑक्टोबर, शनिवार

सगळं संपलं.

कामाच्या शोधात तीन दिवस काकांच्या बाजूला फिरकलो नाही की डेकवरही गेलो नाही. आज गेलो तर कठडा मोकळा. आई दिवाळीची आवराआवर करत होती.

"त्या होय? मंगळवारी लक्ष्मीपूजन, लोक यायचे, आणि डेकवर लेडीज मोजे लोंबतायत. मी नीट ठेवलेत रे. साड्यांच्या बॅगेत."

साड्यांची बॅग उघडली आणि तो वास आला.

"आत तुझी पानं होती ना," आई म्हणाली, "म्हणून डांबरगोळ्या मुद्दाम जास्त टाकल्या. किडे लागू नयेत म्हणून."

मी एकेक पान टॉर्चवर धरून पाहिलं. आत अळ्या दिसत होत्या. एकही हलली नाही.

आईवर ओरडलो का, हे लिहायची गरज नाही. तिने ऐकून घेतलं आणि मग इतकंच विचारलं, "म्हणजे ते किडेच हवे होते?" ती दोन महिने माझ्याकडे काळजीने बघत होती, पण मी नक्की काय करतोय हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. लेडीज मोजे म्हटल्यावर धीर झाला नसेल.

झाडावर आता पान नाही. काउंटीत दुसरीकडे कुठे ही अळी आहे, कुणाला माहीत. उरली ती फक्त काकांनी या आठवड्यात भरलेल्या पिशव्यांत. त्या रस्त्याकडेला लावून ठेवल्या आहेत आणि सोमवारी सकाळी ट्रक येतो.

३० ऑक्टोबर, रविवार

काकांकडे आज दुपारी दिवाळीचा फराळ होता. खरी दिवाळी मंगळवारी, पण मंगळवारी सगळ्यांना ऑफिस. आम्हाला बोलावणं होतं, मला वगळून की धरून ते स्पष्ट नव्हतं. बाबांनी गाडी काढली आणि म्हणाले, "बस." मी म्हटलं चालत दोन मिनिटं आहे. ते म्हणाले, "बस म्हटलं ना." गाडीत एवढंच बोलले, "चिडणं सोपं असतं. मीही दोन वर्षं तुझ्या आजोबांशी बोललो नव्हतो. काय मिळालं?"

काका दारातच. हातात चकल्यांचं ताट, चेहरा बंद.

"काका, मी चुकलो," मी म्हटलं. "गवताबद्दल आणि इस्त्रीबद्दल. आणि मला तुमच्या पिशव्या हव्या आहेत."

"पहिलं खरं आहे की दुसऱ्यासाठी म्हणतोयस?"

"दोन्ही."

मागून शैलजाकाकू म्हणाल्या, "अहो, आत तर येऊ द्या पोराला. मग चिडा."

काकांनी ताट ठेवलं. कुर्त्याच्या बाह्या वर केल्या, रस्त्यावर गेले, पहिली पिशवी उचलून आणली आणि आपल्या त्या लॉनच्या मधोमध स्वतःच्या हाताने उलटी केली. मग दुसरी. मग सगळ्या. शॉमबर्गमधलं सगळ्यात नितळ लॉन पाच मिनिटांत दिसेनासं झालं.

"सांग आता, काय शोधायचं?"

मी दाखवलं. पान आकाशाकडे धरायचं, डागाच्या मध्यावर गोल कोठडी दिसली आणि आत काही वळवळलं तर ठेवायचं. बघता बघता सगळा फराळ अंगणात. पैठण्या खोचलेल्या, जरीचे कुर्ते, एका हातात करंजी, दुसऱ्यात पान.

"हे बघ रे, हा आहे का?"

"काकू, ते चिवड्याचं तेल आहे."

"डेटा सेंटर सांभाळतो मी," बाबांचे एक मित्र म्हणाले, "आणि रविवारी अळ्यांची हजेरी घेतोय." पण ते शेवटपर्यंत उठले नाहीत. आईने तर पदर खोचून ठाण मांडलं. तिच्याइतकी जिवंत पानं कुणालाच मिळाली नाहीत. तांदूळ निवडायची सवय कामी आली, म्हणाली.

रुचा आली होती. ईशानने सोडलं आणि त्याला आग्रहाने थांबवलं होतं. मुलगा वाईट नाही, मन लावून पानं बघत होता. त्याच्या केसांत पान अडकलं ते रुचाने काढलं. ती सगळ्यांचंच असं बघते. निघताना मला म्हणाली, "शंतनू, आय ॲम सो प्राउड ऑफ यू. रिअली." रिअली म्हणताना माझ्या दंडावर हात ठेवला होता.

दोन नव्या स्टॉकिंग्ज भरल्या. शैलजाकाकूंनी स्वतःच्या दिल्या, पाकीटबंद. "आता दुकानात जाऊ नकोस," म्हणाल्या.

२२ जानेवारी २००६

बर्फ. स्टॉकिंग्ज डेकवर टांगलेल्या, दगड झाल्यात. ऑक्टोबरपर्यंत हा पोरगा डोक्याने गेला असं म्हणणारी आई आता आल्यागेल्याला डेकचं दार उघडून दाखवते.

किराणा दुकानात मालाचे खोके उतरवायचं काम करतो. बाकी वेळ मिस हॅनिगनकडे. त्या मला पतंगाचे पंख सुईच्या टोकाने पसरायला शिकवतात. माझा हात थरथरतो. त्या म्हणतात, राग बोटांत असतो, तो आधी खाली ठेव.

२६ मार्च

बर्फ गेलं, वारा कोरडा. पानं वाळू नयेत म्हणून रोज पाणी शिंपडायचं असतं. या आठवड्यात डबल शिफ्टमुळे चार दिवस विसरलो. धावत डेकवर गेलो तर पानं ओलसर. नशीब. दव पडत असणार.

डेकवर कुठून तरी बारीक जाळीचा एक पिंजरा आला आहे, पतंग निघाल्यावर उडून जाऊ नये असा. बाबा म्हणाले, ऑफिसात कुणी टाकून देत होतं. त्याच्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच आहे. लोक नव्या वस्तूही टाकून देतात.

९ मे, मंगळवार

सकाळी पिंजऱ्यात हालचाल. भिंग लावलं.

पतंग नाही. गांधीलमाशी, खसखशीच्या दाण्याएवढी, हिरवी चकचकीत. संध्याकाळपर्यंत तसल्याच आणखी.

मिस हॅनिगनना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं. ही माशी आधीच येऊन अळीत अंडं घालून गेलेली असते. बाहेरून कोठडी शाबूत, अळी शाबूत, बघणाऱ्याला वाटतं पतंगच निघणार. आत मात्र कधीच दुसऱ्याचं झालेलं असतं. तुला कळायचा मार्ग नव्हता.

इतके महिने मी जिची काळजी केली ती भलत्याचीच निघाली. पिंजरा उचलून फेकावासा वाटला. उचललाही. आई म्हणाली, "सगळ्याच माश्या आहेत का? नीट निवडलंस?" पुन्हा खाली ठेवला.

रुचाची ईमेल, वीस तारखेला ग्रॅज्युएशनची पार्टी, नक्की ये, तुला काहीतरी सांगायचंय. मलाही सांगायचंय.

२० मे, शनिवार

आला.

सकाळी साडेआठला. जाळीवर पिवळा ठिपका. मला वाटलं परागकण. भिंग लावलं तर पंख. हळदीत बोट बुडवून हलकेच टेकवावं तसा रंग, कडेला काळी धूळ उडाल्यासारखी, आणि पंखांना पाठीमागून झालर. तो चालला. दोन मिशा पुढे धरून, घर बघायला आलेल्या पाहुण्यासारखा.

मी हाक मारली नव्हती, पण बाबा माझ्या मागे उभे होते. हातात पाण्याचा फवारा. मी विचारलं, हा कशाला? ते म्हणाले, कुंड्यांना. आमच्याकडे कुंड्या नाहीत, पण तेव्हा मला त्याचं काय. त्यांनी भिंग घेतलं आणि इतका वेळ बघत राहिले की मला मागून घ्यावं लागलं. "इतका देखणा असतो होय," ते म्हणाले. "आम्ही कधी पाहिलाच नाही. अळीवरच मारायचो."

दुपारपर्यंत तीन निघाले.

पार्टीला बरणी घेऊनच गेलो. अरुणकाकांनी पाहुण्यांना रांगेत उभं केलं, एकेकाला भिंग. तेव्हा रुचाने मला बाजूला नेलं आणि सांगितलं की ती आणि ईशान सिएटलला जातायत, दोघांना तिथे जॉब आहे, पुढच्या वर्षी लग्न. "तुला आधीच कळलं असेल ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हो."

कळलं नव्हतं. छातीत काहीतरी खाली गेलं, लॅबमधल्या त्या मॉनिटरसारखं. ढकलायला टेबल समोरच होतं, केकसकट. पण हातात बरणी होती आणि बरणीत तो. मी दोन्ही हातांनी ती धरून उभा राहिलो. तेवढ्यात ईशान येऊन म्हणाला, "मीही बघू का?" मी त्याला भिंग दिलं आणि पंख कुठल्या अंगाने बघायचे ते दाखवलं. त्याने बरोबर पाहिलं.

घरी येऊन रडलो. आता बरं आहे. चौथा निघालाय.

३१ मे, बुधवार

मुदतीचा शेवटचा दिवस. मिस हॅनिगननी एक पतंग त्यांच्या ओळखीच्या तज्ज्ञाकडे पाठवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं पोट तपासलं की शंका उरत नाही. दुपारी फोन आला. तोच. काउंटीतली पहिली नोंद.

"आता कुणी म्हणणार नाही की तो डाग आहे," त्या म्हणाल्या.

केंद्रात गेलो. प्रत्येक पतंगाच्या टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी असते, कुठे, कधी, कुठल्या झाडावर, आणि पान कुणी गोळा केलं. पेन माझ्या हातात दिलं. पहिल्या तीन ओळी लिहिल्या. चौथीपाशी थांबलो. नाव माझंच घालणार होतो, नऊ महिने त्याचीच वाट पाहिली होती.

"पान गोळा कोणी केलं?" मिस हॅनिगननी विचारलं.

मी गोळा केलेली सगळी मेली होती. ही पानं ब्लोअरने उडवून पिशवीत भरली होती ती एका माणसाने. त्यांना ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, हसू येत असावं. "मग तेच खरं," म्हणाल्या. "वाढवलं कोणी, त्याला वेगळी ओळ असते."

गोळा केलं, अरुण. वाढवलं, शंतनू. हात थरथरला नाही.

संध्याकाळी काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी भिंगातून चिठ्ठी वाचली. परत वाचली.

"हे कायमचं राहतं?"

"शंभर वर्षं तरी."

"माझे दोन भाऊ पीएचडी आहेत," काका म्हणाले, "त्यांच्या नावाची अशी टाचणी नाही कुठे." मग गाडीत बसेपर्यंत फोनवर होते, पहिल्या भावाशी.

बाबांना मुदतीचं विचारलं. ते म्हणाले, "कसली मुदत?" आणि माझे जुने बूट काढून त्यांना ग्रीस लावत बसले.

सोमवारी सात वाजता हजर व्हायचंय. मिस हॅनिगननी नकाशावर बोट ठेवून दाखवलं, नदीपलीकडे ओकचं मोठं रान आहे. रस्ता नाही, डास फार, म्हणून तिथलं एकही पान आजवर कुणी उलटून पाहिलेलं नाही.